गाडीला कसं कळतं

सकाळी सहा वाजून अडतीस मिनिटांनी तिने किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही.

काहीच म्हणजे अगदी काहीच. गुरगुर नाही, खोकला नाही, साधा टक असा आवाजही नाही. समोरचे लाल-पिवळे दिवे मात्र गुणी बाळांसारखे लागले होते. तिने किल्ली मागे घेतली, मनात पाचपर्यंत आकडे मोजले आणि पुन्हा फिरवली. इंजिन ढिम्म.

"काय झालं, पायलटबाई? विमान उडत नाही का?" मागच्या सीटवरून मास्तरांनी विचारलं.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कोट शिवले. मधुमेहाने त्यांच्या उजव्या पायाची तीन बोटं नेली, मागोमाग दोन्ही किडन्या नेल्या. जिभेला मात्र हात लावला नाही. त्यांच्या शेजारी खिडकीला डोकं टेकून बसले होते ते तिचे सासरे. त्यांच्याही किडन्यांनी दीड वर्षापूर्वी राजीनामा दिला होता. आठवड्यातून तीन दिवस सकाळी या दोघांना डायलिसिसला पोचवायचं आणि दुपारी घरी आणून सोडायचं, हे तिचं काम. गाडी हॉस्पिटलची, ड्रायव्हर ती. सव्वासातला दोघांना मशीनवर घेत. उशीर झाला तर तेवढी मिनिटं कापली जात, कारण साडेअकराला पुढचे पेशंट दारात उभे असत.

खरी अडचण जागेची होती. मास्तरांचं घर उताराच्या गल्लीच्या अगदी तळाशी. गाडी खाली आणायची, तिचं नाक कुंपणाच्या भिंतीशी लावायचं, इंजिन बंद करून मास्तरांना हाताला धरून चार पायऱ्या उतरवायच्या आणि मग रिव्हर्समध्ये वर जायचं, असा रोजचा शिरस्ता. आता ढकलून सुरू करायची म्हटली तर ती चढावर ढकलायला हवी. दूध टाकणारा एकजण थांबला. त्याने गाडीकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं, आत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि "हत्ती आणा ताई," असं म्हणून सायकलवर टांग मारली.

तिने मेकॅनिकला फोन लावला. तो झोपेतच म्हणाला, "बॅटरी." तिने बॉनेट उघडून बॅटरीच्या दोन्ही वायरी हलवून घट्ट केल्या. फरक शून्य. "मग स्टार्टर गेला असेल. साडेदहापर्यंत येतो." टॅक्सीवाल्याला फोन केला, तो म्हणाला अर्धा तास तरी लागेल, सगळ्या गाड्या शाळांकडे गेल्यात. "पाठवा," ती म्हणाली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. चिडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण ठरवलं म्हणून कपाळावरची शीर थोडीच ऐकते!

"हॉर्न वाजव," मागून आवाज आला.

आवाज सासऱ्यांचा होता. ती चमकलीच. गाडीत ते बोलत नसत. पुढची सीट रिकामी असली तरी पहिल्या दिवसापासून ते मागे बसत. आपलं गाडी चालवणं त्यांना पटत नाही, अशी तिने केव्हाच मनाशी खूणगाठ बांधली होती. विचारलं मात्र कधी नव्हतं. काही गोष्टी न विचारल्या की घर शांत राहतं.

तिने हॉर्न वाजवला. समोरच्या भिंतीवरची मांजर उडी मारून पळाली.

"दणदणीत आहे. मोठे दिवे लाव. आता दिवे लावूनच किल्ली फिरव. भिंतीवर बघ, उजेड कमी होतोय का?"

तिने फिरवली. भिंतीवरचा उजेड तसूभरही हलला नाही.

"मग बॅटरीला बोल लावू नका," सासरे म्हणाले. "मोटरपर्यंत वीज जातच नाहीये. जाऊन अडली असती तर दिवे जरा तरी मंदावले असते. कुणीतरी वाटेत अडवतंय."

"लिफ्टवाले, तुम्हाला मोटारीतलं कळतं?" मास्तरांनी विचारलं.

"ओ की ठो कळत नाही."

ते खरंच होतं. सासऱ्यांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. आयुष्यभर माणसांना वर-खाली नेलं, पण पुढे-मागे नेणारं वाहन कधी चालवलं नव्हतं. साधी स्कूटरसुद्धा नाही.

"सूनबाई, गाडी सुरू करताना तू काय काय करतेस ते सांग. एकेक. गाळू नकोस."

"सीटवर बसते. गियर न्यूट्रलला आहे का बघते. डाव्या पायानं क्लच पूर्ण दाबते. किल्ली फिरवते."

"क्लच कशाला दाबतेस?"

"दाबावाच लागतो, बाबा. नाहीतर ही गाडी सुरू होत नाही. आधीच्या जुन्या गाडीत तसं नव्हतं."

"होत नाही म्हणजे? तू क्लच दाबलायस हे गाडीला कसं कळतं?"

दीड वर्ष ती गाड्या चालवत होती, पण हा प्रश्न तिला पडला नव्हता. पाय दाबला की गाडीला कळतं, यात विचारायचं काय!

"लिफ्टचं दार लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही," सासरे म्हणाले. "मोटर ठणठणीत असते, वीज असते, लोक आतून बटणं बडवत असतात, पण लिफ्ट जागची हलत नाही. कारण दाराच्या चौकटीत एक बटण असतं, एवढंसं. दार लागलं की ते दाबलं जातं आणि म्हणतं, हो, चला. त्यानं हो म्हटलं नाही तर सगळं ठप्प. माझ्याकडे दहा तक्रारी आल्या तर सहा त्या बटणाच्या असायच्या. तुझ्या क्लचलाही असं एखादं हो म्हणणारं बटण असणार. पायाशी बघ बरं, काही पडलंय का?"

तिने खाली वाकून पाहिलं. "काही नाही. बिस्किटाचा चुरा आहे. परवापासून पडतोय. मास्तर, तुम्हाला कितीदा सांगितलं, गाडीत बिस्किटं खाऊ नका, डॉक्टरांनी..."

"माझ्यावर कसलं बालंट घेता!" मास्तर उसळले. "मी बसतो मागे आणि चुरा पडतो तुमच्या पायाशी? माझी बिस्किटं काय बेडूकउड्या मारतात?"

"तो चुरा इकडे दे," सासरे म्हणाले.

तिने नारिंगी रंगाचे चार कण त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते अंगठ्याने चोळले, खिडकीच्या उजेडात धरले, नखाने एक फोडला.

"बिस्किट नाही. प्लास्टिक. जुनं होऊन पिठूळ झालंय." आणि मग, कुणी काही म्हणायच्या आत, ते दार उघडून खाली उतरले, गाडीला धरत धरत पुढे आले आणि तिच्या शेजारच्या सीटवर बसले. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. "मला वाकता येत नाही. तू वाक. मी सांगतो."

तिने हँडब्रेक ओढून घेतला, भिंतीजवळचा एक दगड पुढच्या चाकाखाली सरकवला. मग ड्रायव्हरच्या दारातून ती उताणी आत शिरली. डोकं पेडलांच्या खाली, पाय बाहेर गल्लीत. फोनचा दिवा वर धरला.

"काय दिसतंय?"

"धूळ. वायरी. क्लचच्या दांड्यावर एक पत्र्याची पट्टी आहे, तिला भोक आहे. समोर काळी डबी, तिच्यातून दोन वायरी गेल्यात. डबीतून एक छोटी खुंटी बाहेर आलीय."

"हातानं क्लच दाब. पट्टी खुंटीवर येते का?"

तिने दोन्ही हातांनी पेडल दाबलं. पट्टी डबीकडे सरकली, आणि खुंटी बरोबर त्या भोकातून आरपार गेली. पट्टीचा धक्का तिला लागलाच नाही.

"बाबा, खुंटी भोकातून निसटतेय! तिथं काहीतरी असणार होतं."

"तेच आपण बिस्किट म्हणून झाडून टाकलं." त्यांच्या आवाजात समाधान होतं. "आता खुंटी बोटानं दाबून धर. पण आधी सांग, गियर?"

"न्यूट्रल. दोनदा बघितला."

"मग किल्ली कोण फिरवणार?"

ती खाली अडकलेली, मास्तर मागे अडकलेले.

"फिरवा लिफ्टवाले," मास्तर म्हणाले, "मुहूर्त कशाला शोधताय?"

सासऱ्यांनी उजवा हात लांब केला. डाव्या हाताला डायलिसिसची शीर होती, त्याला ताण द्यायचा नव्हता. त्यांनी किल्ली चिमटीत धरली आणि लिफ्टच्या खोलीतला मोठा खटका दाबावा तशी सावकाश, शेवटपर्यंत फिरवली.

इंजिन धडधडून उठलं. ते इतके दचकले की त्यांनी हात पोळल्यासारखा मागे घेतला. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. ती पेडलांखालून केसांना धूळ माखून बाहेर आली तेव्हा सासरे आपल्या तळहाताकडे बघत बसले होते.

"सुरू झाली की," ते म्हणाले.

तिने टॅक्सीला नको म्हणून कळवलं, चाकाखालचा दगड काढला आणि गाडी रिव्हर्समध्ये वर घेतली. चढावर इंजिन बंद पडू नये म्हणून तिचा जीव मुठीत होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावरच तिने श्वास सोडला. सासरे पुढेच बसले होते. पूर्ण वाटेत ते तिच्या डाव्या पायाकडे बघत होते.

हॉस्पिटलला पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. सिस्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, वजनं घेतली आणि दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर झोपवलं. खाली पोर्चमध्ये वॉचमनने इंजिन बंद करायला लावलं. नियम म्हणजे नियम. दुपारी गाडी पुन्हा सुरू व्हायची तर काहीतरी करायलाच हवं होतं. तिने मेकॅनिकला सगळं सांगितलं.

"अरे वा, सापडलं की तुम्हाला!" तो आता पूर्ण जागा झाला होता. "मग सोपं आहे. डबीच्या दोन वायरी कापा आणि एकमेकींना जोडून टाका. क्लच दाबा न दाबा, गाडी सुरू. कायमची कटकट गेली. मी कितीतरी गाड्यांना करून दिलंय."

पाच मिनिटांचं काम होतं आणि गाडीच्या पेटीत पक्कडही होती. पक्कड तिने हातात घेतलीसुद्धा. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती परत ठेवली आणि दोन जिने चढून वर गेली.

डायलिसिसच्या खोलीत सकाळी एक वेगळीच शांतता असते. आठ मशीन संथ घरघरत असतात, नळ्यांमधून रक्त गोल फिरत असतं, आणि माणसं छताकडे बघत पडलेली असतात. ती सासऱ्यांच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसली. मेकॅनिक काय म्हणाला ते सांगितलं.

"नाही," ते म्हणाले. मोठ्याने नाही, पण असं की शेजारी मास्तरांनी मान वळवली.

मग छताकडे बघतच ते सांगू लागले.

"मी तिशीत होतो. एका कचेरीची लिफ्ट होती, जाळीच्या दाराची. तिसऱ्या मजल्यावरचं दाराचं बटण झिजलेलं. दिवसातून दहादा लिफ्ट अडायची आणि साहेब लोक माझ्या नावानं शंख करायचे. नवीन बटण यायला दोन दिवस होते. मी काय केलं, दोन वायरींना एक तुकडा जोडला. म्हटलं, दोनच दिवस. लिफ्ट पळायला लागली. साहेबांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी तिथल्या झाडणाऱ्या बाई आत पाय टाकत होत्या, दार उघडंच, आणि वरून कुणीतरी बटण दाबलं. लिफ्ट निघाली. तिला कोण सांगणार की दार उघडं आहे? सांगणाऱ्याचं तोंड मी बंद करून ठेवलं होतं."

"मग?"

"मागे पडल्या म्हणून वाचल्या. पण पाय मोडला. जुळला तो आखूड जुळला. मी कंपनीत जाऊन सांगितलं, हे माझ्या हातून झालंय. तीन महिने घरी बसवलं. तुझ्या सासूबाईंना वाटतं मला तेव्हा कावीळ झाली होती."

मास्तर आता त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण ते झोपले नव्हते.

"तू मास्तरांच्या दारात गाडी लावतेस तेव्हा गियरमध्ये टाकून ठेवतेस ना? उतार आहे म्हणून?"

"हो."

"एखाद्या सकाळी घाईत तशीच किल्ली फिरवलीस, आणि समोर भिंतीशी हे काठी टेकत उभे असले तर?"

तिने मान हलवली.

"आता ते भोक किती मोठं आहे सांग."

ती सांगू लागली, पण हातवाऱ्यांनी भागेना. तिने सिस्टरकडून एक कागद मागून घेतला आणि पेनने काढायला बसली. आधी बाजूने, मग समोरून. पेडलचा दांडा, पट्टी, भोक, डबी, खुंटी, आणि शेजारी अंदाजाने मापं. दीड वर्षापूर्वीपर्यंत ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. हात अजून सरळ रेघ विसरला नव्हता.

सासऱ्यांनी कागद उजव्या हातात धरून बराच वेळ पाहिला. मापांवरून त्यांची नजर हटेना.

"असे नकाशे काढणारी मुलगी," ते म्हणाले, "माझ्यापायी ड्रायव्हर झाली."

"तुमच्यापायी?"

"मला इथं आणायचं म्हणून तू ही नोकरी धरलीस. मला काय कळत नाही? तुझ्या शेजारी बसलं की तेच डोक्यात येतं. म्हणून मागे बसतो."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला माझं गाडी चालवणंच आवडत नाही."

"मला गाडीतलं काय कळतंय, आवडायला न् नावडायला!"

तिला हसू आलं. खोटं बोलून त्यांचं मन राखावं असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण आज ते इतकं खरं बोलले होते की तिला ते जमेना.

"बाबा, नकाशांची आठवण येते. नाही म्हणणार नाही. तुमचं दुखणं नसतं तर तिथंच राहिले असते, हेही खरं. पण ऑफिसात आठ तास एकाच भिंतीकडे तोंड करून बसायचे. गाडी मला आवडते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आता कळलंय."

कागदावर बोट ठेवून ते म्हणाले, "भोकापेक्षा मोठी, चपटी, कडक वस्तू हवी. खुंटीच्या वाटेत बसेल अशी."

"बटण," डोळे न उघडता मास्तर म्हणाले.

"बटणाचंच चाललंय मास्तर."

"अहो विजेचं नव्हे, कोटाचं! माझ्या पिशवीत डबी आहे. ओव्हरकोटचं घ्या, काळं, चार भोकांचं. हातोडीनं फुटायचं नाही. मेणाचा दोरा आहे, दाभण आहे. भोकांतून दोरा ओवा, पट्टीला सहा वेढे द्या आणि मागे गाठ मारा. गाठ दोनदा मारा. घाईची गाठ आणि घाईचं लग्न, दोन्ही सुटतात."

पिशवीत डबी होती. डबीखाली बिस्किटाचा अर्धा पुडाही होता. तिने तो काहीही न बोलता सिस्टरच्या टेबलावर नेऊन ठेवला. मास्तरांचे डोळे मिटलेलेच राहिले, फक्त एक मोठा उसासा ऐकू आला.

पोर्चच्या बाजूला सावलीत गाडी उभी होती. उताणं पडून, दातांत फोन धरून, वर हात करून पत्र्याला बटण शिवणं हे काम वाटलं होतं त्याच्या चौपट निघालं. पहिलं बटण हातातून सुटून सीटखाली गेलं. दाभण बोटात घुसलं. वॉचमन दोनदा येऊन "काय हरवलंय का?" विचारून गेला. तासाभराने सहा वेढे बसले, दोन गाठी बसल्या. ती उठून सीटवर बसली, गियर पाहिला, क्लच दाबला. किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं. मग तिने ते बंद केलं आणि क्लच न दाबता किल्ली फिरवून पाहिली. गाडी गप्प राहिली. तिने हे तीन वेळा केलं. गाडी तिन्ही वेळा बरोबर वागली.

वर जाऊन तिने दोघांना सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी पहिलं काय विचारलं तर, "न दाबता बघितलंस?"

"तीनदा."

"शाब्बास."

दीड वर्षात त्यांच्या तोंडून तिने हा शब्द ऐकला नव्हता.

मेकॅनिकने नवा प्लास्टिकचा तुकडा आठवड्याने मागवून बसवला. ओव्हरकोटचं बटण मात्र तोवर एकदाही हललं नव्हतं, हे मास्तर पुढे महिनाभर सगळ्या वॉर्डाला ऐकवत राहिले. पण ती सगळी नंतरची गोष्ट. त्या दिवशी दुपारी मास्तरांना सोडून दोघं घरी आले. डायलिसिसनंतर सासरे नेहमीसारखे गळून गेले होते. येताच झोपले ते दिवेलागणीला उठले.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ताटं घेत होती. नवरा अजून यायचा होता. सासूबाई गॅसपाशी उभ्या होत्या. सासरे येऊन टेबलाशी बसले.

"एक सांग," ते म्हणाले. "बटणाचं कळलं मला. पण क्लच म्हणजे नक्की काय? तो करतो काय?"

तिने हातातली दोन ताटं पाठीला पाठ लावून उभी धरली. "हे इंजिनाचं ताट. हे सारखं फिरतंय. हे दुसरं चाकांचं. दोन्ही अशी घट्ट चिकटलेली, म्हणून एक फिरलं की दुसरं फिरतं. आता मी क्लच दाबला." तिने ताटं बोटभर लांब केली. "इंजिन फिरतंय, पण चाकांना पत्ता नाही. गियर बदलून घ्यायचा. मग पाय हळूहळू सोडायचा..."

"हळूहळू का?"

"एकदम चिकटली तर गाडी उडी मारते आणि बंद पडते. हे बघा." तिने एक ताट गोल फिरवत फिरवत दुसऱ्याला हलकेच टेकवलं. तेही घसटत, करकरत, मग बरोबरीने फिरायला लागलं.

"इकडे दे," ते म्हणाले. त्यांनी एक ताट धरलं, तिने दुसरं. ती फिरवायची, ते टेकवायचे. पहिल्यांदा खणकन आवाज झाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यांनी श्वास रोखून, अगदी केसभर पुढे सरकत ताट टेकवलं आणि ते तिच्या ताटासोबत सुरेख फिरलं.

"हां," ते म्हणाले. "हे अवघड आहे."

"स्टीलला चरे पडतील," सासूबाई गॅसपासून म्हणाल्या. "काय चाललंय काय तुमचं दोघांचं?"

"थांब गं," सासरे म्हणाले. "अजून एकदा, सूनबाई. आता चढावर आहोत असं समज."